जिनिंगच्या काटा-संगणकाचे पत्ते : प्रकल्प नोंदी

९ सप्टेंबर २०२४

काम असं आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये वजनकाटा, गासड्यांची नोंद आणि आवकेचा हिशेब एकाच संगणकावर आणायचा आणि तो संगणक छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य कचेरीला जोडायचा. दसऱ्याच्या मुहूर्ताला पहिला कापूस काट्यावर येतो, त्याआधी काट्याचा भाग चालू हवा.

यंत्र छोटं आणि बिनपंख्याचं घेतलं. तारेची दोन पोर्ट, डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार). पंखा मुद्दाम टाळला, कारण जिनिंगच्या हवेत रुईचे तंतू सतत तरंगत असतात. ते जाळीवर बसत जातात, हवा अडते आणि हंगाम भरात असतानाच यंत्र तापून बंद पडतं.

काहीही सेट न करता फक्त पहिल्या पोर्टला ब्रॉडबँड राउटरची तार लावली आणि 'आयपी ॲड्रेस शो' ही आज्ञा दिली. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टंकताना अर्थात रोमन.) एकाच तारेवर पुढचे पत्ते दिसले:

एलओ (यंत्राची स्वतःशीच असलेली आतली जोडणी) : १२७.०.०.१/८ आणि ::१/१२८
पहिलं पोर्ट : १९२.१६८.१.२३/२४
पहिलं पोर्ट : एफई८०:: ने सुरू होणारा, /६४
पहिलं पोर्ट : २००१:डीबी८:४०:१: ने सुरू होणारा, /६४

पत्त्यामागचा /२४ सारखा आकडा पत्त्याच्या सुरुवातीचे किती बिट जाळ्याचे आहेत ते सांगतो; त्या सुरुवातीच्या भागाला उपसर्ग म्हणतात. शेवटच्या ओळीत खऱ्या उपसर्गाऐवजी दस्तऐवजांसाठी राखून ठेवलेला उपसर्ग लिहिला आहे.

दिवाणजींच्या वहीत प्रत्येक यंत्रापुढे 'आयपी' असा एकच रकाना आहे आणि त्यात एकच आकडा मावतो. या प्रकल्पातलं निम्मं काम तो रकाना मोडण्याचं आहे, म्हणून कारण आजच लिहून ठेवतो.

आयपी पत्ता यंत्राला दिलेला नसतो, यंत्राच्या जोडणीला दिलेला असतो. जाळं जिथे यंत्राला भिडतं ती जागा म्हणजे जोडणी. ती तारेची असेल, वायफायची असेल, नाहीतर व्हीपीएनसारखी (इंटरनेटवरून जाणारा खासगी बोगदा) केवळ सॉफ्टवेअरमधली असेल. शिवाय एका जोडणीवर एकच पत्ता असावा असा नियम नाही. आयपीव्ही६ (अपूर्णविरामांचे लांब, नवे पत्ते; जुने चार आकड्यांचे ते आयपीव्ही४) मध्ये तर जोडणी चालू झाली की एफई८० चा पत्ता असावाच लागतो, बाहेर पोचणारा पत्ता त्याच्या जोडीला येतो. प्रत्येक पत्त्याची पोच वेगळी. १२७ चा पत्ता यंत्राच्या बाहेर जातच नाही. एफई८० त्या एका तारेपुरता, राउटर तो पुढे पाठवत नाही. १९२.१६८ चा पत्ता आवारापुरता. २००१ चा जगभर. यादीत प्रत्येक पत्त्यापुढे 'स्कोप होस्ट', 'स्कोप लिंक', 'स्कोप ग्लोबल' असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. मात्र १९२.१६८ पुढेही 'ग्लोबल'च दिसतं, कारण कर्नल (लिनक्सचा गाभा) आयपीव्ही४ मधले खासगी पत्ते वेगळे काढत नाही. ते आपल्याला माहीत असावं लागतं: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६.

त्यामुळे 'या यंत्राचा पत्ता काय?' या प्रश्नाला 'कुठून बघता?' असं विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. वहीत आजपासून तीन रकाने केले: पत्ता, कोणत्या जोडणीवर, कोणासाठी.

१२ सप्टेंबर

आवारात आधीपासून असलेली उपकरणं तपासली.

काट्याच्या इंडिकेटरचा आउटपुट आरएस-२३२ आहे, वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. या प्रकारची तार साधारण १५ मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही, म्हणून इंडिकेटरशेजारीच सिरियल-ते-इथरनेट कन्व्हर्टर बसवला आहे. त्याचा कारखान्यातून आलेला पत्ता १९२.१६८.०.७.

कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर १९२.१६८.१.१०८ वर आहे. त्याचा पासवर्ड बसवणाऱ्याकडे अडकलेला, त्यामुळे पत्ता बदलता येत नाही.

ब्रॉडबँड राउटरचं आतलं जाळं १९२.१६८.१.०/२४. मुख्य कचेरीचंही तेच.

म्हणजे एकच १९२.१६८.१.०/२४ तीन ठिकाणी. हे जागोजागी आढळतं, कारण बहुतेक राउटर याच आकड्यावर येतात आणि कोणी तो बदलत नाही. पहिलं पोर्ट राउटरला आणि दुसरं रेकॉर्डरच्या स्विचला लावलं तर यंत्राच्या मार्ग-तक्त्यात एकाच जाळ्याचे दोन मार्ग येतात, एक या पोर्टातून आणि एक त्या. कर्नल कमी मेट्रिकचा (मेट्रिक म्हणजे मार्गाचा पसंतीक्रम) मार्ग उचलतो आणि रेकॉर्डरसाठी निघालेलं पॅकेट राउटरच्या तारेवर जातं. दोन्ही पोर्टचे दिवे हिरवे आणि रेकॉर्डर मात्र गायब. तपासायला 'आयपी राउट गेट १९२.१६८.१.१०८' द्यावी. पॅकेट कोणत्या पोर्टातून आणि कोणता पत्ता लावून निघेल हे ती एका ओळीत सांगते. या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी आज्ञा हीच.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. यंत्रावरून त्याच्याच पत्त्याला पिंग केलं तर ते पॅकेट तारेवर जात नाही, आतल्या आत एलओमधून फिरून येतं. स्वतःला पिंग लागणं हा तार ठीक असल्याचा पुरावा नव्हे.

१६ सप्टेंबर

पत्त्यांची आखणी ठरली. सगळं १०.४२.०.०/१६ मध्ये बसवलं:

१०.४२.१.०/२४ : मुख्य कचेरी
१०.४२.१०.०/२४ : जिनिंगची कचेरी
१०.४२.२००.०/२४ : व्हीपीएन

१० च्या पट्ट्यातला ४२ हा आकडा केवळ राउटर सहसा वापरत नाहीत म्हणून घेतला. उद्या एखादा व्यापारी किंवा सीए स्वतःच्या जाळ्यातून व्हीपीएनने आत आला तर टक्कर होण्याची शक्यता कमी. १०.०.०.० आणि १०.१.१.० या ओळखीच्या जागा त्याच कारणाने टाळल्या.

जिनिंगच्या राउटरचं आतलं जाळं बदललं, राउटर १०.४२.१०.१. डीएचसीपीचा (राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांचा) पट्टा १०० ते १९९. खालचे आकडे हाताने दिलेल्या पत्त्यांसाठी मोकळे. हा पट्टा आधी आखून घ्यावा, नाहीतर सर्व्हरला हाताने दिलेला आकडा एखाद्या दिवशी राउटर कोणाच्या तरी मोबाइलला देतो.

दुसऱ्या पोर्टवर एकाच तारेत दोन पत्ते दिले. सिस्टमडी-नेटवर्कडी या जाळं सेट करणाऱ्या सेवेच्या फाइलमध्ये 'ॲड्रेस=' ची ओळ दोनदा लिहायची, एवढंच:

ॲड्रेस=१९२.१६८.०.२५०/२४
ॲड्रेस=१९२.१६८.१.२५०/२४

गेटवे (जाळ्याबाहेर जाण्याचं दार) लिहायचा नाही. कन्व्हर्टर आणि रेकॉर्डर एकाच स्विचवर असले तरी त्यांची जाळी वेगळी आहेत, आणि यंत्राला दोघांच्या 'घरातला' पत्ता हवा. कन्व्हर्टरशी बोलताना कर्नल आपोआप १९२.१६८.०.२५० लावतो, रेकॉर्डरशी बोलताना १.२५०. हे नसतं तर पॅकेटवर १०.४२.१०.५ हा पहिल्या पोर्टचा पत्ता लागला असता. कन्व्हर्टरला परतीचा मार्ग माहीत नाही, त्याने उत्तर दिलंच नसतं. एका यंत्राला अनेक पत्ते का, याचं इतकं थेट उदाहरण क्वचितच सापडतं: समोरच्याला ज्या पत्त्यावर उत्तर पोचवता येतं, तो पत्ता आपल्याकडे असावा लागतो.

१९ सप्टेंबर

काट्याची खोली कचेरीपासून अंदाजे १४० मीटर. तांब्याच्या इथरनेटला १०० मीटरची मर्यादा आहे, आणि परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा लांब तांब्याची तार दोन्ही टोकांची पोर्ट जाळते. म्हणून फायबर टाकली. सिंगल मोड, दोन कोर, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्या हालचालीत ताणलेली केबल तुटते. केबल एचडीपीई पाइपातून घातली, दोन्ही टोकांना सैल वेटोळं ठेवलं.

फायबरमुळे पत्त्यांच्या आखणीत काही फरक पडत नाही. साध्या मीडिया कन्व्हर्टरला आयपी पत्ता नसतो, तो फक्त प्रकाश आणि वीज यांची अदलाबदल करतो.

२३ सप्टेंबर

पहिल्या पोर्टला आणखी दोन पत्ते दिले. यंत्राचा स्वतःचा १०.४२.१०.५/२४ आहेच. त्याशिवाय:

१०.४२.१०.५०/३२ : काटा-सेवा
१०.४२.१०.५१/३२ : कॅमेरा रेकॉर्डरचं दार

५० कशासाठी? दिवाणजी आणि ग्रेडर यांच्या संगणकांतल्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचा पत्ता लिहावा लागतो. तिथे ५ लिहिला तर यंत्र बिघडल्यावर प्रत्येक संगणकावर जाऊन तो बदलावा लागेल, तेही फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना. ५० हा पत्ता यंत्राचा नाही, सेवेचा आहे. यंत्र बिघडलं की तो राखीव यंत्रावर ठेवायचा, कोणालाही काही बदलावं लागत नाही.

५१ कशासाठी? रेकॉर्डर १९२.१६८.१.१०८ वर अडकलेला आहे आणि मुख्य कचेरीतून तो दिसायला हवा. एनएफटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) ५१ वर येणारं सगळं रेकॉर्डरकडे वळवलं आणि दुसऱ्या पोर्टातून बाहेर पडताना मास्करेड (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून आपला लावणं) लावलं. मास्करेडशिवाय चालत नाही, कारण रेकॉर्डरचा गेटवे आपलं यंत्र नाही, विनंती १.२५० वरून आली असं वाटलं तरच तो उत्तर देतो. कर्नलमध्ये आयपी फॉरवर्डिंग (एका पोर्टातून आलेलं दुसऱ्यातून पुढे पाठवणं) चालू करावं लागतं. वळवण्याचं काम ५ वरच केलं असतं तर पोर्ट क्रमांक (तारेचं पोर्ट नव्हे, सेवेचा क्रमांक) ८०, ४४३, ५५४ यांवर आपल्या सेवा आणि रेकॉर्डर यांची भांडणं लागली असती. वेगळा पत्ता दिला की सगळे पोर्ट क्रमांक मोकळे मिळतात.

/३२ का लिहिलं याची नोंद महत्त्वाची. ५० ला /२४ दिलं तर लिनक्स त्याला ५ चा 'सेकंडरी' धरतो. मग ५ काढला की ५० सुद्धा जातो, 'प्रमोट_सेकंडरीज' चालू नसेल तर. /३२ दिल्यावर मास्क वेगळा असल्याने तो स्वतंत्र राहतो. बाकीच्या संगणकांच्या मते तो त्यांच्याच /२४ मध्ये असतो, ते नेहमीप्रमाणे एआरपी (हा आयपी पत्ता कोणत्या मॅकचा, म्हणजे पोर्टच्या हार्डवेअर पत्त्याचा, हा प्रश्न) विचारतात आणि उत्तरही मिळतं. यंत्र स्वतःहून बोलायला लागलं तर मात्र ५ हाच पत्ता लावतं. म्हणजे ५० फक्त येणाऱ्यांसाठी.

२७ सप्टेंबर

दोन तक्रारी एकत्र आल्या: कचेरीतून सर्व्हर मधूनच तुटतो, आणि तुटताना सगळ्यांचा तुटत नाही.

कचेरीच्या एका संगणकावर 'एआरपी -ए' पाहिलं. १०.४२.१०.५ समोरचा मॅक पत्ता कधी पहिल्या पोर्टचा, कधी दुसऱ्या. कारण स्विचच्या पेटीत सापडलं. दोन्ही स्विच एका जास्तीच्या पॅच केबलने एकमेकांना जोडले गेले होते.

केबल काढल्यावर तक्रार मिटली, पण आतलं कारण समजून घेण्यासारखं आहे. लिनक्स आपले सगळे आयपी पत्ते सगळ्या पोर्टांचे मानतो. दुसऱ्या पोर्टवर कोणी '१०.४२.१०.५ कोण?' असं विचारलं तरी तो 'मी' म्हणून दुसऱ्या पोर्टचा मॅक देतो. पत्ता जोडणीला दिलेला असतो हे ९ तारखेला लिहिलं ते खरंच आहे, पण उत्तर देताना लिनक्स उदार असतो. दोन्ही पोर्ट एकाच जाळ्यावर आली की दोन उत्तरं जातात, आणि जे नंतर पोचतं ते टिकतं. आवर घालायला सिसकटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये):

एआरपी_इग्नोर = १
एआरपी_अनाउन्स = २

पहिल्याने ज्या पोर्टवर प्रश्न आला त्या पोर्टवर तो पत्ता असेल तरच उत्तर जातं. दुसऱ्याने आपण विचारताना पोर्टला साजेसाच पत्ता पुढे केला जातो. केबल काढून टाकली असली तरी या दोन ओळी कायम ठेवल्या. पेटीत उद्या कोण हात घालेल हे सांगता येत नाही.

३ ऑक्टोबर

मुख्य कचेरीशी वायरगार्ड हे व्हीपीएन जोडलं. जिनिंगच्या टोकाला १०.४२.२००.१०, मुख्य कचेरीच्या टोकाला १०.४२.२००.१. यंत्राची ही तिसरी जोडणी, हिला ना तार ना मॅक.

जिनिंगच्या बाजूने सुरुवात करणं भाग आहे. मोबाइलवरच्या जोडणीला (पुढे लावायच्या ४जी डोंगलला) बाहेरून पोचता येत नाही. डोंगलच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला तर तो कंपनीच्या आतला, अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. तिथे राउटरवर पोर्ट उघडून काही होत नाही. त्यामुळे 'पर्सिस्टंटकीपअलाइव्ह = २५' लिहिलं. दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट जातं आणि कंपनीच्या भाषांतर-तक्त्यातली वाट उघडी राहते.

जोडणी झाली, हस्तांदोलन दिसलं, मुख्य कचेरीतून २००.१० ला पिंग लागला, ५० ला लागला नाही. मुख्य कचेरीच्या 'अलाउडआयपीज' मध्ये फक्त १०.४२.२००.१०/३२ होता. वायरगार्डमध्ये ही यादी दोन कामं करते: कोणत्या पत्त्यांसाठीचं पॅकेट या जोडीदाराकडे पाठवायचं, आणि त्याच्याकडून आलेलं कोणत्या पत्त्याचं पॅकेट खरं मानायचं. यादीत नसलेल्या पत्त्याचं पॅकेट मुकाट्याने फेकलं जातं. यंत्राला अनेक पत्ते असले की यादीत ते सगळे लागतात. ५, ५० आणि ५१ घातल्यावर चाललं.

याच दिवशी मुख्य कचेरीतल्या पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसने जिनिंगला नकार दिला. तिथल्या परवानगीच्या फाइलमध्ये १०.४२.१०.५ लिहिलेला, पण यंत्र व्हीपीएनच्या जोडणीतून बाहेर पडताना २००.१० लावतं. पिंगला पिंग लागतो आणि डेटाबेस ओळखत नाही, अशा वेळी पहिला संशय हाच घ्यावा. वहीत चौथा रकाना वाढवला: 'यंत्र या बाजूला बोलताना कोणता पत्ता लावतं'.

मोठे अहवाल अडकत होते. ब्रॉडबँड पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडण्याची पद्धत) असल्याने पाकिटाची कमाल लांबी १४९२, आणि वायरगार्डला बाहेरचं वेष्टन आयपीव्ही६ चं असेल तर ८० बाइट लागतात. वायरगार्डचा एमटीयू, म्हणजे आतल्या पाकिटाची कमाल लांबी, १४१२ केला.

७ ऑक्टोबर

सर्व्हर पुन्हा चालू केला की काटा-सेवा ५० वर ऐकत नव्हती, हाताने पुन्हा सुरू केल्यावर ऐकायची. सेवा बूट होताना नेटवर्कच्या आधी उभी राहते. तोवर ५० हा पत्ता यंत्रावर आलेलाच नसतो आणि कर्नल 'हा पत्ता देता येत नाही' म्हणतो. पोस्टग्रेएसक्यूएल अशा वेळी इशारा नोंदवून उरलेल्या पत्त्यांवर चालू राहतं, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही.

उपाय दोन. सेवेच्या युनिट फाइलमध्ये नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटनंतर सुरू हो असं लिहावं, किंवा 'आयपी_नॉनलोकल_बाइंड = १' करावं. दुसरा उपाय राखीव यंत्रावर लागतोच. तिथे ५० नसतानाही सेवा तयार उभी असायला हवी. दोन्ही केले.

कोण कुठे ऐकतंय ते 'एसएस -एलटीएन' दाखवते. तिथे ०.०.०.० दिसलं तर ती सेवा यंत्राच्या प्रत्येक आयपीव्ही४ पत्त्यावर ऐकते. १२७.०.०.१ दिसलं तर फक्त आतून, एखादा पत्ता दिसला तर फक्त त्यावर. पोस्टग्रेएसक्यूएल मुळात लोकलहोस्टवरच ऐकतं. नवीन बसवल्यावर 'बाहेरून लागत नाही' ही तक्रार म्हणूनच येते. बिघाड नाही, ती चांगली सवय आहे. आमचं मत असं की ०.०.०.० आळसाने लिहू नये. रेकॉर्डरच्या स्विचवर कोणीही लॅपटॉप लावू शकतो, त्या बाजूने डेटाबेस दिसायची गरज नाही.

डेबियनची एक खास खोड: होस्ट्स फाइलमध्ये यंत्राच्या नावापुढे १२७.०.१.१ असतो. गासडी-नोंदीचं सॉफ्टवेअर स्वतःच्या नावावरून पत्ता काढून तो दिवाणजींच्या संगणकाला कळवतं. ते १२७.०.१.१ कळवत होतं आणि दिवाणजींचा संगणक स्वतःलाच हाका मारत बसायचा. त्या ओळीत १०.४२.१०.५० लिहिलं.

१४ ऑक्टोबर

दसऱ्याला काटा चालला. वजनं नोंदली गेली, पावत्या निघाल्या.

लाईट गेली-आली की कचेरीतल्या एक-दोन विंडोज संगणकांवर १६९.२५४ चा पत्ता दिसतो. हा पत्ता डीएचसीपीने दिलेला नसतो, उत्तर न मिळाल्यावर संगणकाने स्वतः घेतलेला असतो. संगणक इन्व्हर्टरवर, राउटर नाही. राउटर उशिरा उठतो. विंडोज पाच-पाच मिनिटांनी पुन्हा विचारतं, त्यामुळे आपोआप सुधारतं खरं, पण पाच मिनिटं काटा थांबत नाही. राउटर आणि दोन्ही स्विच इन्व्हर्टरवर घेतले.

१८ ऑक्टोबर

आयपीव्ही६. इतके दिवस तो बाजूला ठेवला होता, पण तो चालू असताना दुर्लक्ष करणं धोक्याचं.

सर्व्हरच्या २००१ च्या पत्त्यावर मुख्य कचेरीबाहेरच्या मोबाइलवरून पोर्ट २२ उघडं मिळालं. आयपीव्ही४ मध्ये राउटरचं नॅट (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवणं) अडसर बनतं, आयपीव्ही६ मध्ये पत्ता थेट जगाला दिसतो आणि राउटरची फायरवॉल ढिली असेल तर यंत्र उघडं पडतं. एनएफटेबल्समध्ये 'आयपी' ऐवजी 'आयनेट' प्रकारचा तक्ता केला, म्हणजे एकच नियम दोन्हींना लागतो. आयसीएमपीव्ही६ पूर्ण बंद करू नये, शेजारी शोधणं आणि राउटरची घोषणा त्यावरच चालते.

तात्पुरते पत्ते: कचेरीच्या संगणकांवर प्रत्येकी दोन-तीन २००१ चे पत्ते दिसतात. त्यातला एक स्थिर, बाकीचे खासगीपणासाठी घेतलेले. बाहेर बोलताना तात्पुरता पत्ता लावला जातो आणि रोज नवा घेतला जातो. जुन्यावर चालू असलेल्या जोडण्या तुटू नयेत म्हणून तो काही काळ 'डेप्रिकेटेड' म्हणून टिकून राहतो. यादी लांबते ती यामुळे, बिघाड नाही. लोकांच्या संगणकांवर हे चालू ठेवलं. सर्व्हरवर 'यूज_टेम्पॲड्र = ०' केलं, कारण रोज बदलणाऱ्या पत्त्यावर परवानगीचे नियम लिहिता येत नाहीत.

यापेक्षा अवघड गोष्ट उपसर्गाची. लाईट जाऊन राउटर पुन्हा जोडला गेला की कंपनी बहुधा नवा उपसर्ग देते. राउटरला जुना आठवत नाही, त्यामुळे तो रद्द झाल्याचं संगणकांना कोणी सांगत नाही. ते जुना आणि नवा दोन्ही बाळगतात, आणि जुना पत्ता लावून निघालेल्या पॅकेटला उत्तर येत नाही. एखादी वेबसाइट अडकत-अडकत उघडते. राउटर इन्व्हर्टरवर घेतल्याने हे बरंच कमी झालं. राउटरच्या घोषणेतली मुदतही कमी केली, ३० मिनिटं. २००१ चा पत्ता मात्र कोणत्याही फाइलमध्ये लिहायचा नाही.

२४ ऑक्टोबर

४जी डोंगल यूएसबीला लावला. तो यंत्राला १९२.१६८.८.१०० देतो, यंत्राची चौथी जोडणी. बाहेरच्या मार्गाला ब्रॉडबँडसाठी मेट्रिक १००, डोंगलसाठी ६००.

नुसत्या मेट्रिकने काम होत नाही. बाहेर रस्त्यात खोदकामात फायबर तुटली तरी राउटरपर्यंतची तार शाबूत असते. दिवा हिरवा, मार्ग तक्त्यात तसाच, पॅकेटं मात्र खड्ड्यात. म्हणून दर ३० सेकंदांनी पहिल्या पोर्टातून मुख्य कचेरीच्या बाहेरच्या पत्त्याला पिंग करणारी स्क्रिप्ट लावली. लागोपाठ तीन चुकले की ब्रॉडबँडचं मेट्रिक ९०० करायचं, सलग दहा लागले की परत १००. पिंगला '-आय' ने पोर्ट बांधून द्यावं लागतं, नाहीतर बदलानंतर पिंग डोंगलमधूनच लागतो आणि स्क्रिप्टला सगळं आलबेल वाटतं.

बदल होताना वेबवरच्या चालू जोडण्या तुटतात, कारण टीसीपीची जोडणी दोन्ही टोकांच्या पत्त्यांना बांधलेली असते. वायरगार्डच्या आतल्या तुटत नाहीत. बाहेरचा पत्ता बदलला तरी किल्ली तीच, मुख्य कचेरी नव्या पत्त्याकडे उत्तर पाठवू लागते, आणि आत २००.१० तसाच राहतो. डेटाबेसची जोडणी काही सेकंद अडखळून पुढे गेली. व्हीपीएनच्या जोडणीला वेगळा पत्ता असण्याचा खरा फायदा हा.

६ नोव्हेंबर

राखीव यंत्रावर जाण्याची चाचणी, दुपारी काटा मोकळा असताना. मुख्य यंत्राची वीज काढली. राखीव यंत्रावर ५० आणि ५१ चढवले. दुसऱ्या पोर्टला दोन्ही २५० आधी दिलेले नव्हते, तेही चढवले.

कचेरीतल्या संगणकांना सर्व्हर लगेच मिळाला नाही. त्यांच्या एआरपी तक्त्यात ५० पुढे जुन्या यंत्राचा मॅक बसलेला. पत्ता हलवल्यावर हाक द्यावी लागते:

एआरपिंग -यू -सी ३ -आय (पहिलं पोर्ट) १०.४२.१०.५०

ही ओळ पत्ता चढवणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटी घातली. कन्व्हर्टर एका वेळी एकच टीसीपी जोडणी घेतो, आणि वीज गेलेल्या यंत्राने ती नीट बंद केलेली नसते. त्यात 'टीसीपी कीपअलाइव्ह' ३० सेकंद केला, तेवढ्या वेळात तो जुनी जोडणी सोडतो. राखीव यंत्रावरची सेवा ५० हातात असेल तरच कन्व्हर्टरला जोडते, नाहीतर दोन्ही यंत्रं काट्यावर भांडतील.

मुख्य यंत्र परत चालू करताना त्याने ५० आपोआप घेऊ नये, म्हणून तो पत्ता नेटवर्कच्या फाइलमधून काढून स्क्रिप्टमध्ये ठेवला. स्क्रिप्ट आधी 'एआरपिंग -डी' ने विचारते. कोणी उत्तर दिलं तर पत्ता घेत नाही, लॉगमध्ये लिहून थांबते.

११ नोव्हेंबर

प्रेसजवळचा गासडीचा काटा जोडला. गासडी १७० किलोच्या आसपासची, इंडिकेटर वेगळ्या कंपनीचा, पण कन्व्हर्टर त्याच बनावटीचा, म्हणजे कारखान्याचा पत्ता पुन्हा १९२.१६८.०.७. दोन्ही एकाच स्विचवर लागले असते तर ट्रॉलीचं वजन आणि गासडीचं वजन आलटून-पालटून एकाच रकान्यात आलं असतं. नवीन कन्व्हर्टर आधी लॅपटॉपला थेट लावला, लॅपटॉपला १९२.१६८.०.२४० दिला, कन्व्हर्टरचा पत्ता १९२.१६८.०.८ केला, वीज काढून-लावून तो टिकल्याची खात्री केली, मगच स्विचला लावला. पत्ता पेटीच्या झाकणावर आतून चिकटवला. बाहेरून चिकटवलेला कागद रुईच्या धुळीत महिन्यात वाचता येत नाही.

वहीत मुख्य यंत्रापुढे आज या ओळी आहेत:

१२७.०.०.१, ::१ : एलओ : यंत्र स्वतः
१०.४२.१०.५ : पहिलं पोर्ट : देखभाल, आणि कचेरीत बोलताना लागणारा
१०.४२.१०.५० : पहिलं पोर्ट : काटा-सेवा, हलता
१०.४२.१०.५१ : पहिलं पोर्ट : रेकॉर्डरचं दार, हलता
एफई८० चा आणि २००१ चा : पहिलं पोर्ट : आकडा लिहायचा नाही
१९२.१६८.०.२५० : दुसरं पोर्ट : दोन्ही काट्यांचे कन्व्हर्टर
१९२.१६८.१.२५० : दुसरं पोर्ट : रेकॉर्डर
१९२.१६८.८.१०० : डोंगल : ब्रॉडबँड बंद असताना बाहेर
१०.४२.२००.१० : वायरगार्ड : मुख्य कचेरी, आणि तिकडे बोलताना लागणारा

शिल्लक काम: रेकॉर्डरचा पासवर्ड मिळाला की तो १०.४२.११.० मध्ये न्यायचा आणि १९२.१६८.१.२५० व ५१ या दोन्ही ओळी खोडायच्या. तोवर दुसऱ्या पोर्टच्या स्विचवर नवीन उपकरण लावायचं झालं तर १९२.१६८.०.९ पासून पुढचे आकडे मोकळे आहेत, २४० आणि २५० सोडून.